नेसरी ते मुक्तिनाथ: डोंगरातली सायकल कशी चालते

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्यात शाळिग्राम आहे. काळा, गुळगुळीत, आकाराच्या मानाने जड. हे दगड नेपाळातल्या काली गंडकी नदीच्या पात्रात सापडतात. जुरासिक काळातल्या समुद्रात राहणाऱ्या अॅमोनाइट नावाच्या प्राण्यांचे ते जीवाश्म आहेत. तो समुद्र गेला आणि त्याच्या तळाचा हिमालय झाला. धवलगिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ-हजारी पर्वतांच्या मधून ही नदी वाट काढते, आणि तिच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला सुमारे ३,७०० मीटर उंचीवर मुक्तिनाथ आहे. आपल्याकडचे यात्रेकरू तिथे यात्रा कंपनीच्या गाडीने किंवा पोखऱ्याहून विमानाने जातात. मला इथे सांगायचं आहे ते सायकलने कसं जायचं, आणि त्यासाठी नेसरीसारख्या गावात राहून काय तयारी करता येते.

परदेशातल्या डोंगरांत सायकल घेऊन जायचं म्हटलं की आज ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गाचं नाव पहिलं निघतं. तिथली अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे आणि दोन वस्त्यांमध्ये अख्खा दिवस जाऊ शकतो. तो रस्ता मोठाच आहे, पण पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. काली गंडकीचं खोरं मराठी माणसाला पहिल्या दौऱ्यासाठी फार सोयीचं आहे. व्हिसा लागत नाही. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचता येते. जेवायला डाळभात मिळतो. दर आठ-दहा किलोमीटरला मुक्कामाची सोय आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रस्ता उंची हळूहळू देतो. इथे जे शिकाल तेच पुढे पामीरला आणि अँडीजलाही चालेल.

हे वेड नवं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल चालवून मार्च १९२८ मध्ये परतले. वाटेत ते आल्प्सही चढले. आजच्या डोंगरी सायकलीचे गिअर तेव्हा अस्तित्वातच नव्हते. अलीकडे, २०१८ साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे २९,००० किलोमीटरची प्रदक्षिणा १५९ दिवसांत पुरी केली. ही माणसं असामान्य होती. पण एका खोऱ्यातून वर जाऊन परत यायला असामान्य असावं लागत नाही. थोडं गणित, बराच सराव आणि पुरेसे दिवस एवढं लागतं.

गणितापासून सुरुवात करू, कारण सगळा बेत त्यावर उभा राहतो. सपाटीवर सायकल चालवणारे दिवस किलोमीटरमध्ये मोजतात. डोंगरात दिवस चढाच्या मीटरमध्ये मोजायचा असतो. माणूस ६५ किलो, सायकल १५, सामान १५ असे मिळून ९५ किलो धरू. हे वजन तासाला ३०० मीटर वर न्यायचं तर नुसत्या उचलण्याला सुमारे ७८ वॉट लागतात. खडीचा अडथळा, चेनचं घर्षण, थोडा वारा धरला की शंभराच्या आसपास. नियमित सायकल चालवणारा निरोगी माणूस एवढी ताकद तासन्‌तास लावू शकतो. म्हणून भरल्या सायकलीसाठी तासाला ३०० मीटर हा चढाचा वेग मनाशी धरून चालायला हरकत नाही. सामान पाच किलोने वाढलं की काम पाच टक्क्यांहून थोडं जास्तच वाढतं, म्हणजे सहा तासांच्या चढाला वीसेक मिनिटं जादा. घरी पिशवी भरताना हे आठवावं.

आता गिअर. साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच ते साडेपाच मीटर जाते. शंभर मीटरला आठ मीटर उठणाऱ्या चढावर तुम्ही तासाला चार किलोमीटरने चढणार असाल, तर त्या सायकलीवर मिनिटाला जेमतेम बारा फेरे होतील. एवढ्या संथ पॅडलवर तोल राहत नाही आणि गुडघ्यांवर सगळा भार येतो. डोंगरी सायकलीला पुढची लहान चकती २२ दातांची आणि मागची मोठी ३४ दातांची असली, तर एका फेऱ्यात ती साधारण १.३६ मीटर जाते. मिनिटाला पन्नास फेरे मारले की तासाला चार किलोमीटर झाले, आणि आठ टक्क्यांच्या चढावर उंची सव्वातीनशे मीटर वाढली. शक्ती तीच, पण ती लहान लहान हप्त्यांनी द्यायची. दुकानदार गिअरची संख्या सांगतो, २१ किंवा २४. संख्येला फारसा अर्थ नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते विचारा: पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या मोठ्या चकतीच्या दातांपेक्षा कमी आहेत का? कमी नसतील तर ती सायकल सामानासकट या चढांसाठी नाही, मग किंमत काहीही असो.

नेसरीच्या बाजूचं दैव असं की हा सगळा सराव दाराशी आहे. प्रतापराव गुजरांच्या स्मारकामुळे महाराष्ट्र या गावाला ओळखतो. सायकलवाल्याने ते घाटमाथ्यावरचं गाव म्हणूनही ओळखावं. आजऱ्यावरून आंबोलीपर्यंतचा रस्ता चढउतारांचा आहे, पण तो खरा घाट नाही. घाट सुरू होतो आंबोलीच्या पुढे, आणि तो उतरणीचा असतो. म्हणून सरावाची रीत अशी: आंबोलीहून खाली दाणोलीपर्यंत उतरायचं, चहा घ्यायचा आणि परत वर यायचं. हा चढ सहाशे मीटरच्या आसपास आहे. खालून सावंतवाडीकर ताज्या पायांनी हा घाट चढतात. आपल्याला तो दमलेल्या पायांनी चढावा लागतो आणि त्यानंतर घरही गाठायचं असतं. हिमालयातही दिवसाचा अवघड चढ अनेकदा असाच, उशिरा येतो.

पहिल्यांदा रिकाम्या सायकलने चढा आणि घड्याळ लावा. मग १५ किलो सामान बांधून चढा. तांदळाची पोती चालतात. वजन दोन्ही बाजूंना सारखं हवं आणि शक्य तितकं खाली हवं. सामानासकट दोन तास लागले तर तुमचा वेग तासाला ३०० मीटर आहे. अडीच तास लागले तर २४०. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण नेपाळातला प्रत्येक दिवस त्याने भागायचा आहे. चंदगडकडून दोडामार्गकडे उतरणारा तिलारी घाट याहून उभा आणि अरुंद आहे. तो दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावा. तिथे काही ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागेल, आणि तोही सरावच आहे. भरलेली सायकल ढकलताना काम पायांपेक्षा दंड आणि कंबर करतात, आणि फक्त पॅडल मारून ते स्नायू तयार होत नाहीत. रोजच्या सकाळसाठी सामानगडाचा रस्ता पुरेसा आहे. महिन्यातून एकदा तरी लागोपाठ दोन दिवस निघा. शरीराची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, आखडलेले पाय पॅडलवर ठेवताना होते.

घाटात उतरतानाही एक गोष्ट शिकायची असते ती ब्रेकची. ९५ किलोचं वजन ९०० मीटर खाली येतं तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढीत साधारण अडीच लिटर गार पाणी उकळीला येईल. यातली थोडी हवेच्या विरोधात जाते, बाकी सगळी ब्रेक आणि रिममध्ये उष्णता होऊन बसते. ब्रेक सतत अर्धवट दाबून उतरणाऱ्याचं रबर झिजतं, रिम तापते, क्वचित ट्यूबही फुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठाम दाबावेत, वेग पाडावा आणि मग सोडून रिमला हवा लागू द्यावी. आंबोली घाटात हे हाताला वळण लागलं की पुढे वेगळं शिकावं लागत नाही. मात्र घाटात पहाटेच जा. पावसाळ्यातलं धुकं आणि सुट्टीच्या दिवशीच्या मोटारी या दोन्हींत उतरणीचा सराव करू नये.

हंगाम दोनच: ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. जून ते सप्टेंबर या काळात बेनी ते घासा हा टप्पा दरडींचा असतो. दसऱ्याच्या दिवसांत नेपाळात दशैंचा सण असतो. सगळा देश गावाकडे निघालेला असतो, बसमध्ये जागा नसते. त्यामुळे दिवाळीची सुट्टी धरून निघणं उत्तम.

पोहोचण्याचा मार्ग असा. गोरखपूरला रेल्वेने जायचं. पुणे आणि मुंबईहून गाड्या आहेत. सायकल पार्सल ऑफिसात सामान म्हणून नोंदवावी लागते. पॅडल आणि सुटे भाग काढून, गिअरच्या बाजूला जाड पुठ्ठा बांधून, पोत्यात शिवून द्यावी. ऐन गाडीच्या वेळेला जाऊ नये, काही तास आधी जावं. नव्या सायकलीची पावती जवळ ठेवावी. गोरखपूर ते सुनौली सुमारे ९० किलोमीटर सपाट रस्ता आहे आणि पाय मोकळे करायला तो बरा. सीमेवर भारतीय नागरिकाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. पलीकडे भैरहवा आणि बुटवल, तिथून सिद्धार्थ राजमार्ग तानसेनवरून पोखऱ्याला जातो. बुटवल सपाटीला आणि तानसेन १,३५० मीटरच्या आसपास, म्हणजे पहिलीच चढाई आंबोलीच्या दुपटीची. मध्ये रामदी इथे रस्ता काली गंडकी ओलांडतो. नदीची पहिली भेट तिथेच होते. पुढे पोखऱ्यानंतर बेनीच्या वाटेवर ती पुन्हा भेटते.

पोखऱ्यात तीन कामं उरकायची. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना काढायचा. सार्क देशांच्या नागरिकांना तो सवलतीत मिळतो. वाटाड्याविषयीचे आणि नोंदणीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिथल्या पर्यटन कार्यालयात प्रत्यक्ष विचारून घ्यायचं. दुसरं काम, सायकल एकदा चांगल्या मिस्त्रीला दाखवून चाकांची आउट काढून घ्यायची, कारण पुढे वर भरवशाचा मिस्त्री मिळणार नाही. तिसरं, रोख पैसे. भारतीय एक रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे असा दर १९९३ पासून ठरलेला आहे. वरच्या गावांत रोख हवीच.

आता खोरं. पोखरा सुमारे ८२० मीटरवर आहे. तिथून रस्ता आधी कांडेजवळ १,७०० मीटरच्या वर चढतो, लुम्लेवरून उतरतो आणि कुस्मा करून बेनीला पुन्हा ८३० मीटरवर येतो. नकाशावर ८० किलोमीटर, उंचीत काहीच कमाई नाही, आणि पाय मात्र हजार मीटर चढून दमलेले. हा टप्पा दोन दिवसांत करावा. लुम्ले हे नेपाळातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त. तिथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या जोमसोमला तीनशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही. आंबोलीला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना संकेश्वरकडे जमीन कोरडी कशी होत जाते, हे आपण सायकलवर बसल्या बसल्या पाहिलेलं असतं. इथे अडवणारी भिंत सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच आहे, म्हणून फरकही तसाच. बेनीच्या खाली भातशेती आणि केळी, घासापाशी पाइनची झाडी, मार्फाला सफरचंदाच्या बागा आणि कागबेनीला उघडी तांबूस माती. सायकलवर हा सगळा बदल एका आठवड्यात, इंचाइंचाने दिसतो.

बेनीहून ताटोपानी ही पंचवीसेक किलोमीटरची मजल. उंची सुमारे १,२०० मीटर, नदीकाठी गरम पाण्याचे झरे. या टप्प्यात रस्ता कुठे डांबरी, कुठे दगडगोटे, कुठे नुसता चिखल. रुंदीकरणाची कामं चालू असतात आणि यंत्रं रस्ता अडवून बसतात. थांबावं लागतं, आणि तो वेळ हिशेबात धरावा. ताटोपानीहून घासा हा अख्ख्या प्रवासातला सर्वांत कष्टाचा दिवस. अंतर वीसेक किलोमीटर, पण घासा २,००० मीटरवर. मधले चढउतार धरून हजार मीटरची चढाई होते. तुमच्या वहीतला आकडा ३०० असेल तर नुसत्या चढाला साडेतीन तास, खराब रस्त्याला आणखी दोन, विश्रांती वेगळी. सकाळी सहाला निघालं तर दुपारी दोनला पोहोचाल. इथे दरी सर्वांत अरुंद आहे. एका बाजूला धवलगिरी ८,१६७ मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, आणि मधून नदी. जगातल्या सर्वांत खोल घळींमध्ये हिची गणना होते. मान वर करून शिखर शोधायचं असेल तर आधी सायकल थांबवा. रस्त्याच्या कडेला कठडा नसतो आणि समोरून जीप येत असते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, पण चाकाखालची कड भुसभुशीत असेल तर दरीच्या बाजूला सरकू नये. डोंगराच्या अंगाला उभं राहून जीपला जाऊ द्यावं.

घासाच्या पुढे कालोपानी, २,५०० मीटरच्या थोडं वर. इथून खोरं एकदम उघडतं आणि इथूनच वाऱ्याचं राज्य सुरू होतं. हा वारा समजून घेतल्याशिवाय या खोऱ्यात सायकल चालवता येत नाही. सूर्य वर आला की मुस्तांगचा उघडा, कोरडा प्रदेश तापतो. तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा धावते. तिला वाट एकच, ही अरुंद दरी. त्यामुळे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला वारा सुटतो, दुपारी पार झोडपून काढतो आणि संध्याकाळी ओसरतो. ढग असोत वा नसोत, हंगामात जवळजवळ रोज. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात ती याच कारणाने.

वर जाताना हा वारा पाठीवर असतो. टुकुचे ते कागबेनी या पट्ट्यात दुपारीसुद्धा सायकल आपोआप पुढे ढकलली जाते. धूळ मात्र प्रचंड. नाकातोंडाला फडकं आणि डोळ्यांना बंद कडांचा चष्मा हवाच. खरा प्रश्न परतीचा. उतरण आहे म्हणून दुपारी जोमसोमहून निघालेल्या माणसाला उतारावरही पॅडल मारावं लागतं, आणि पुलावर आडवा झोत आला तर तोल जातो. म्हणून परतीच्या दिवशी उजाडताच निघायचं आणि दहा वाजता जिथे असाल तिथे थांबायचं. उरलेला दिवस मार्फाच्या दगडी गल्ल्यांत घालवावा. थकाली लोकांच्या खानावळींत डाळभात पोट भरेपर्यंत वाढतात, आणि दिवसभर चढून आलेल्या माणसाला याहून चांगलं अन्न नाही.

आता उंची. या विषयावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. मुक्तिनाथाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दर श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढा कमी होतो. शरीर श्वास वाढवून, लघवीवाटे रक्तातला क्षार टाकून आणि पुढे तांबड्या पेशी वाढवून जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस त्याच उंचीवर राहावं. नियम झोपण्याच्या उंचीचा आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली आलं तर चालतं.

पोखऱ्याहून विमानाने निघालेला यात्रेकरू वीस मिनिटांत ८२० मीटरवरून २,७०० मीटरवर जातो आणि त्याच दिवशी जीपने ३,७०० मीटरवर. डोकेदुखी, मळमळ, दम हा त्रास तिथे अनेकांना होतो तो यामुळे. सायकलवाला तेवढीच उंची गाठायला आठवडा घेतो. बेनी ८३०, ताटोपानी १,२००, घासा २,०००, कालोपानी २,५००, मार्फा २,६५० आणि कागबेनी २,८०० मीटर. सायकल संथ आहे हा तिचा दोष मानू नका. या प्रवासात तीच तुमची सुरक्षितता आहे, आणि पाय दुखतात म्हणून मधला टप्पा जीपने उरकणारा माणूस नेमकी तीच सोडून देतो. जीप घ्यायचीच तर बेनीच्या खाली घ्या, वर नको.

तरीही एक अडचण राहते. कागबेनी ते मुक्तिनाथाजवळचं राणीपौवा यांत ९०० मीटरचा फरक आहे, म्हणजे नियमाच्या जवळपास दुप्पट. यावर उपाय साधा. कागबेनीला दोन रात्री काढायच्या. दुसऱ्या दिवशी सामान तिथेच ठेवून, हलक्या सायकलने पहाटे निघायचं. अकरा-बारा किलोमीटरचा चढ, सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास. रस्ता डांबरी आहे. वजन कमी असलं तरी विरळ हवेत शरीराची ताकद पाचव्या हिश्शाने किंवा जास्तच घटते, त्यामुळे चार तास धरा. वर मंदिराच्या मागे १०८ धारा आहेत, शेजारी ज्वालामाईची नैसर्गिक ज्योत आहे. हिंदू आणि बौद्ध दोघेही इथे येतात. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत किंवा चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, लागलं तर ते आपल्या उजव्या हाताला राहील अशा बाजूने जावं. दर्शन घेऊन त्याच दिवशी कागबेनीला उतरून झोपायचं. उतरण्यापूर्वी घामाने ओली झालेली बंडी बदला. चढताना शरीर तापलेलं असतं, पण उतरताना काही मिनिटांतच बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबता येत नाही. हातमोजे खिशात हवेत, पिशवीच्या तळाशी नकोत.

डोकं दुखू लागलं तर चढणं थांबवा. पाणी प्या, खा, तिथेच झोपा. सकाळी बरं वाटलं तर पुढे. डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील, सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ येत असेल, किंवा बसूनही धाप लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची ही लक्षणं आहेत. त्याच क्षणी खाली उतरवायचं, रात्र असली तरी, आणि सायकल तिथेच ठेवून जीपने. जोमसोमला जिल्हा रुग्णालय आहे. अॅसिटाझोलामाइड या गोळ्या प्रतिबंधासाठी घेतात. पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ती त्यांना आधी सांगावी. विमा काढताना त्यात ४,००० मीटरपर्यंतची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत ना, ते पाहावं.

राणीपौवाच्या पुढे थोरोंग ला ही ५,४१६ मीटरची खिंड ओलांडून मनांगला जाता येतं. काही जण सायकल खांद्यावर घेऊन ती पार करतात. पहिल्या दौऱ्यात हा मोह टाळावा. कागबेनीच्या उत्तरेचा वरचा मुस्तांग निर्बंधित क्षेत्र आहे आणि त्याला वेगळा, महागडा परवाना लागतो.

सामानाबद्दल थोडक्यात. टायर दोन इंच रुंद हवेत आणि खडीवर हवा थोडी कमी ठेवावी. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप, चेन तोडायचं अवजार आणि जोडकडी, ब्रेकचे जादा पॅड, गिअरची आणि ब्रेकची एकेक केबल, चाकाच्या मापाचे चार-सहा स्पोक. गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी जादा घ्या. सायकल पडली की ती वाकते, आणि प्रत्येक सायकलीची वेगळी असल्याने ती दुसरीकडे मिळत नाही. कॅरिअरचे नटबोल्ट रोज संध्याकाळी तपासावेत, खडीच्या हादऱ्याने ते सैल होतात. पाणी उकळलेलं घ्यावं किंवा गोळी टाकून प्यावं. खाण्याचं घरून नेण्यासारखं दोनच: शेंगदाण्याचे लाडू आणि गुळाचे खडे. किलोमागे ऊर्जा भरपूर, थंडीत खराब होत नाहीत, आणि दमल्यावरही घशाखाली उतरतात.

आणि दिवस जास्त ठेवा. पोखऱ्याहून वर जाऊन परत यायला किमान दोन आठवडे हातात हवेत. त्यातले तीन दरड, पोट आणि डोकेदुखी यांच्यासाठी राखून ठेवावेत. परतीचं रेल्वे तिकीट अगदी काठावर काढलेला माणूस जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही.

येत्या दिवाळीला जमलं नाही तरी मार्चचा हंगाम आहे. या रविवारी सायकलीला पंधरा किलो बांधा, दाणोलीपर्यंत उतरा आणि वर येताना किती वेळ लागला ते लिहून ठेवा.